मास्तरांची वहाण आणि शाळेचे छप्पर

पुण्याहून नाशिकला जाणारे बहुतेक प्रवासी आळेफाट्यावर उतरून चहा पितात, जमल्यास कांद्याचा भाव विचारतात आणि पुढे निघून जातात. कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता तिथे आडवा येतो, त्यामुळे फाट्याला रात्र अशी होतच नाही. खरे आळे गाव मात्र थोडे आत आहे, आणि त्या गावात एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर ज्याच्या मुखी वेद वदवले, तोच हा रेडा. चारही भावंडे परत निघाली तेव्हा तोही त्यांच्यासंगे निघाला आणि आमच्या गावाच्या शिवेत त्याने देह ठेवला, अशी इकडची श्रद्धा आहे. चैत्रात यात्रा भरते. जनावराच्या समाधीपुढे विद्येसाठी हात जोडणारे गाव जगात दुसरे असेल असे मला वाटत नाही.

लहान असताना मी आजीला विचारले होते, की पैठणपासून आळ्यापर्यंत एवढ्या लांबच्या वाटेत त्या रेड्याला वैरण कोण घालीत होते? आजीने उत्तरादाखल पाठीत एक धपाटा घातला आणि देवाला हात जोडायला लावले. तो धपाटा मला योग्यच वाटला. चमत्काराच्या गोष्टीत वैरणीचा प्रश्न विचारायचा नसतो, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि पुढे तीसएक वर्षे हायस्कुलात मराठी शिकवताना ते मी इमानेइतबारे पाळले. नोकरी संपली, पुस्तके पुन्हा सावकाश वाचायला वेळ मिळाला, तेव्हा तो जुना प्रश्न पुन्हा डोके वर काढू लागला. आमच्या साहित्यात शाळा पुष्कळ आहेत, मास्तर तर त्याहून पुष्कळ. पण त्या शाळेचे छप्पर कोणी शाकारले, खडूचे पैसे कोणी दिले, मास्तरांचा पगार कुठून आला आणि कुठे आला नाही, हे त्यांत किती ठिकाणी आहे? हा लेख त्या वैरणीसंबंधी आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर असा विषय वाढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण घरातली सगळी माणसे एकत्र बसून वाचतात असा अंक वर्षातून एकदाच निघतो.

सुरुवात चितळे मास्तरांपासूनच केली पाहिजे. पु. ल. देशपांड्यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ साली पुस्तकरूपाने आले आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक चांगल्या शिक्षकाला लोक चितळे मास्तर म्हणू लागले. हे व्यक्तिचित्र मी वर्गात किती वेळा वाचून दाखवले असेल याची गणती नाही. शाळा सुटल्यावरही ज्यांची शाळा सुटत नाही, शिकवणीचा पैसा ज्यांना शिवत नाही, पोरांच्या भवितव्यात ज्यांनी आपला सगळा संसार गुंतवला, असे ते मास्तर. आणि शेवटी लेखकाची नजर जाते ती त्यांच्या झिजलेल्या वहाणेवर. तिथे माझा आवाज दर वेळी दाटून येई, आणि मुलांचे डोळे पाणावत. मी आजही म्हणेन की त्या वहाणेइतकी बोलकी वस्तू मराठी विनोदी वाङ्‌मयात दुसरी नाही.

पण एकदा काय झाले. माझी एक पुतणी आमच्याच बाजूच्या एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत शिकवीत होती. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा शाळा गावोगाव आहेत. अकरा वर्षे तिने तिथे गणित शिकवले. त्या अकरा वर्षांत तिला पगार म्हणून जे मिळाले ते एसटीच्या भाड्यालाही पुरले नसते. सकाळी शाळा, दुपारनंतर टोमॅटोच्या खुडणीला, असा तिचा क्रम होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात वाचायला काही सुचवा म्हणून ती माझ्याकडे आली आणि मी मोठ्या उत्साहाने चितळे मास्तर काढून दिले. तिने तिथेच बसून सगळे वाचले. पुस्तक मिटून परत दिले आणि म्हणाली, “काका, चितळे मास्तरांना पगार तरी होता.”

मला त्यावर काही बोलता आले नाही. तिने लेखकावर टीका केली नव्हती, मास्तरांवर तर नाहीच. पण तीस वर्षे मी ज्या वहाणेवर रडत होतो ती झिजली का, हे मी कधी विचारलेच नव्हते. आम्ही मराठी माणसे शिक्षकाच्या त्यागावर फार प्रेम करतो. साने गुरुजींवर केले, कर्मवीर भाऊरावांवर केले, चितळे मास्तरांवर केले. हे प्रेम खोटे नव्हे. परंतु ज्याचा त्याग वंदनीय असतो त्याला पगार देण्याची निकड राहत नाही, ही या प्रेमाची दुसरी बाजू आहे. महाराष्ट्र सरकारने २००१ साली नव्या शाळांना परवानगी दिली ती ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर. भाषेचा शिक्षक म्हणून मला या शब्दप्रयोगाचे फार नवल वाटते. एखाद्या गोष्टीच्या नसण्याला ‘कायम’ हे विशेषण लावण्याची कल्पना कोणा साध्या माणसाला सुचणार नाही. २००९ साली तो ‘कायम’ शब्द काढून टाकण्यात आला. अनुदान मात्र पुढे वीस वीस टक्क्यांच्या पायऱ्यांनी, मोर्चे काढून, आझाद मैदानावर बसून यायचे होते. या मधल्या काळात त्या शाळा चालल्या कशावर? शिक्षकांच्या वहाणांवर. आणि त्या शाळांत जाणारी मुले कोणाची होती? ज्यांना फी भरून दुसरीकडे जाता येत नव्हते त्यांचीच बहुतेक.

तेव्हा ‘साहित्याने जमाखर्च मांडावा की काय?’ असे जे कोणी विचारतील, त्यांना मी एवढेच सांगेन, की कला की जीवन हा फडके-खांडेकरांचा वाद मला पुन्हा पेटवायचा नाही. जमाखर्च मांडूनही साहित्य किती उंच जाते याचे उदाहरण आमच्याकडे आहे, आणि ते चितळे मास्तरांच्याही आधीचे आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालची. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर कोवळ्या वयाचा राजाराम मास्तर होऊन येतो. पहिलीच अडचण ही, की शाळेत मुले नाहीत. मुले मेंढरांमागे आहेत. एक मूल शाळेत बसले म्हणजे घरातला एक राखणदार कमी झाला, हा साधा व्यवहार आहे. मास्तर कारभाऱ्याला धरतो, घराघरांत जातो, तेव्हा कुठे पोरे येऊ लागतात. म्हणजे शाळा फुकट असली तरी ती गरिबाला फुकट पडत नाही, हे माडगूळकरांना पुरते ठाऊक होते. पुढे गावकरी अंगमेहनतीने तालीम उभी करतात, राजेसाहेब येतात, गावाची मान ताठ होते. आणि मग दुष्काळ येतो. मेंढरे मरतात, माणसे परागंदा होतात, शाळेत बसायला कोणी उरत नाही, मास्तरही गाव सोडतो. तालमीचा सोहळा आणि रिकामे गाव यांत किती थोडे अंतर आहे! या कादंबरीच्या निसर्गवर्णनावर आणि माणदेशी माणसांवर समीक्षकांनी रकानेच्या रकाने लिहिले आहेत. मला तरी ती लोकवर्गणीवर लिहिलेली सर्वांत मर्मग्राही कादंबरी वाटते. गावाच्या हौसेवर उभे राहिलेले गावाच्या कुवतीइतकेच टिकते, हे त्यात एकही उपदेशाचे वाक्य न लिहिता सांगितलेले आहे.

या जमाखर्चाचा मूळ लेखक मात्र कादंबरीकार नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जे इंग्रजी निवेदन दिले ते आमच्या वाङ्‌मयाच्या इतिहासात सहसा मोडत नाही. ते शिक्षणाच्या इतिहासात टाकलेले असते. माझ्या मते ते टीकावाङ्‌मयाचा उत्तम नमुना आहे, कारण त्यात सुंदर शब्दांच्या मागे जाऊन पैसा शोधलेला आहे. वरच्या वर्गाला शिकवा म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, हा त्या काळचा सुंदर शब्द. जोतीरावांनी विचारले ते असे, की सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते, शिक्षणासाठी म्हणून त्याच्याकडून शेतसाऱ्यावर वेगळी पट्टीही वसूल होते. मग तो पैसा ज्या कामासाठी घेतला त्या कामी का लागत नाही? मुंबई इलाख्यातल्या जवळजवळ दहांतल्या नऊ गावांत प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, हे त्यांनी तिथे नोंदवले. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा म्हणाले, आणि लगेच मास्तरांच्या पगारावर आले: तो बारा रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावी पंधरा-वीस असावा. मास्तराने त्याग करावा असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. स्वतः शाळा काढून, पदरमोड करून, अपमान सोसून झालेला माणूस हे लिहीत होता, म्हणून त्या बारा रुपयांना वजन आहे.

आमचा जुन्नर तालुका या बाबतीत अगदीच अजाण नव्हता. शेजारच्या ओतूरला सत्यशोधकांचे ठाणे होते. पण विचार रुजणे वेगळे आणि पैसा येणे वेगळे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, त्यात खर्चाचा एक वाटा स्थानिक संस्थेने आणि दोन वाटे सरकारने उचलावे अशी विभागणी सुचवली होती. ते विधेयक पुढल्या वर्षी फेटाळले गेले. कोल्हापूरला शाहू छत्रपतींनी १९१७ साली ते आपल्या संस्थानापुरते करून दाखवले. बाकी महाराष्ट्राने वाट पाहिली.

वाट पाहणाऱ्यांच्या घरात काय घडत होते, हे आम्हांला फार उशिरा, दलित आणि ग्रामीण आत्मकथनांतून कळले. आनंद यादवांच्या ‘झोंबी’त (१९८७) कागलचा एक मुलगा शाळेसाठी बापाशी झुंजतो. दत्ताजीराव मध्ये पडतात तेव्हा बाप तयार होतो, तोही अटींवर: सकाळी अकरापर्यंत मळ्यात राबायचे, शाळा सुटली की पुन्हा गुरांमागे जायचे. इथे बाप खलनायक आहे असे वाचणारे पुष्कळ भेटतात. मी स्वतः तसेच शिकवले. पण बाप हिशेब करतो आहे, आणि त्याच्या परीने तो हिशेब चुकीचा नाही. मुलाचे श्रम ही घराची मिळकत आहे. ती मिळकत शाळेने घेतली तर शाळा तिच्या मोबदल्यात आज काय देते? दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) संगमनेरचे बोर्डिंग आहे. पवार आमच्या डोंगराच्या पलीकडचे, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे, त्यामुळे त्यांची भाषा मला घरची वाटते. ते बोर्डिंग नसते तर ‘बलुतं’ नसते. एका मुलाच्या दोन वेळच्या भाकरीची तरतूद कोणी तरी केली आणि त्यातून मराठी साहित्याचे वळण बदलले. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त तर जमातीला शाळा हेच अरिष्ट वाटते. या पुस्तकांच्या समीक्षेत ‘दाहक’, ‘विद्रोही’, ‘प्रक्षोभक’ अशी विशेषणे भरपूर आढळतात. पाटीला किती पैसे पडले, फी कोणी भरली, वसतिगृहात जेवायला काय होते, हे त्या पुस्तकांत पानोपानी आहे आणि समीक्षेत जवळजवळ नाही. आम्ही त्यांतले दुःख उचलले आणि हिशेब तिथेच ठेवला.

अलीकडच्या ‘शाळा’ या कादंबरीबद्दल (२००४) दोन शब्द. मिलिंद बोकिलांनी आणीबाणीच्या काळातली नववीतली मुले इतकी जिवंत उभी केली आहेत, की तिचे यश रास्तच आहे. पण तिथली शाळा हवेसारखी आहे. ती आहेच, ती कोणी चालवावी लागते असे वाटत नाही. ज्यांना शाळा आयती मिळाली त्यांच्या आठवणीत ती तशीच असणार. तो दोष नव्हे. मात्र आज शाळेवर मराठी माणसाला विचारले तर त्याला आठवतात ती चितळे मास्तर आणि ही कादंबरी. ‘झोंबी’तली ती अकराची अट कोणाला आठवत नाही.

आता पुस्तके मिटून थोडे बाहेर येतो, कारण हे सगळे मला सुचले ते एका पंख्याखाली बसून.

आमच्या बाजूची मोठी गावे सधन आहेत. कुकडीच्या धरणांचे पाणी आले, ऊस आला, द्राक्षे आली, कांद्याला कधी भाव लागला कधी नाही, पण गाव उभे राहिले. अशा गावच्या शाळेत जाऊन छताकडे पाहावे. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर तेलरंगाने नाव असते: अमक्याच्या स्मरणार्थ तमक्याकडून. पंखा फिरू लागला की नाव दिसेनासे होते, ही त्यातली मौज. बाके, पाण्याची टाकी, संगणक, कमान, सगळ्यांवर नावे. माझ्या वडिलांच्या नावाचेही एक कपाट आहे, आणि ते दिले तेव्हा मला फार धन्य वाटले होते. यात वाईट काही नाही. लोकांनी आपल्या शाळेसाठी खिशात हात घालावा, यासारखी सुंदर गोष्ट कोणती?

गेल्या वर्षी वाचन प्रेरणा दिनाला, म्हणजे १५ ऑक्टोबरला, आणे पठाराच्या कडेच्या एका ठाकरवाडीत मला मुलांना गोष्ट सांगायला बोलावले होते. आमच्याच तालुक्यातले हे पठार. धरणे जवळ दिसतात, पाणी वर चढत नाही. शाळा एक खोलीची. पट अकरा. गुरुजी दोन, दोघेही मनापासून शिकवणारे. भिंतींवर त्यांनीच अक्षरे रंगवली होती. मी सवयीने वर पाहिले. पंखा होता, एकच. त्यावर कोणाचे नाव नव्हते, आणि तो फिरतही नव्हता. बिल थकल्यामुळे वीज तोडली होती. गुरुजींनी तक्रार केली नाही. सादिलचे पैसे आले की भरू म्हणाले, आणि आले नाहीत तर आम्ही दोघे भरू, नेहमीप्रमाणे.

त्या ‘नेहमीप्रमाणे’ शब्दाशी मी अडखळलो. शिक्षकांचा पगार सरकार देते, तो वाडीला आणि गावाला सारखाच. इथपर्यंत समता आहे, आणि ती लहान गोष्ट नव्हे. त्याखालचा खर्च, म्हणजे वीज, दुरुस्ती, झाडलोट, नकाशे, कौले, यासाठी समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटाप्रमाणे अनुदान असते: तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, शंभराच्या वर गेला की ५०,०००. डोईमागे भागाकार केला तर वाडीचेच मूल भाग्यवान ठरेल, आणि शहरात बसून भागाकार करणाऱ्याला ते तसे वाटतेही. पण कौले पट मोजून फुटत नाहीत. मोठ्या शाळेचे छप्पर गळले तर अनुदान बाजूला ठेवून गाव उभे राहते; वाडीचे गळले तर वाडी उभी राहते ती भिजत. खरा फरक सरकारच्या पैशात नाही, सरकारच्या पैशानंतर काय येते त्यात आहे. आणि गेल्या काही वर्षांत आपण सगळा भार त्या नंतरच्या पैशावर टाकीत चाललो आहोत.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला देणे लागू केले, ते चांगलेच. पण त्याच कायद्यात आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही आहे. आपल्या जिल्ह्यात कारखाने चाकणला आहेत, रांजणगावला आहेत. पठारावर कारखाना नाही, म्हणून परिसरही नाही. २०२३ साली ‘दत्तक शाळा’ योजना आली. तिच्यात ठराविक देणगीवर पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळेला आपले नाव जोडण्याची मुभा आहे. पंख्यावरचे नाव कमानीवर आले, एवढाच फरक. त्याच वर्षी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याची चर्चा सुरू झाली, आणि पानशेतचा दाखला दिला जाऊ लागला. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना गरिबांसाठीच्या २५ टक्के जागांतून मोकळे केले. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. कोठारी आयोगाने १९६६ साली सर्वांसाठी समान शेजारशाळा सुचवली होती आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च मागितला होता. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, आपलेच. त्यांनी पुढे समता, गुणवत्ता आणि संख्या यांच्या हाती न येणाऱ्या त्रिकोणावर पुस्तक लिहिले. ते इंग्रजीत आहे.

मला कोणी म्हणेल, वाबळेवाडी पाहा, जालिंदरनगर पाहा. पाहिले आहे, आणि अभिमान वाटला. शिरूर आणि खेड तालुक्यांतल्या या जिल्हा परिषदेच्या शाळा. पहिलीचे नाव देशभर झाले, दुसरीला २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा मान मिळाला. त्या गावांनी आणि शिक्षकांनी जे केले त्यापुढे मी नतमस्तक आहे. माझे भांडण त्यांच्यावर लिहिणाऱ्या लेखण्यांशी आहे. प्रत्येक लेखात तोच चमत्कार: एक तळमळीचा शिक्षक, एक जागे झालेले गाव, आणि पालटलेली शाळा. गावाने जमीन कशी दिली, मदत कोणाकोणाकडून आली, आणि जिथे द्यायला जमीन नाही तिथे काय करायचे, हे लेखाच्या बाहेर. रेडा बोलला, एवढे छापून येते.

अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून चालतो, त्यामुळे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरिबांची गरीब, हे तिथे उघड आहे. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १९७१ साली ते अन्याय्य ठरवले. दोनच वर्षांनी टेक्सासच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उलट कौल दिला. जोनाथन कोझॉल नावाचा एक लेखक, मूळचा शिक्षकच, शाळाशाळांतून हिंडला आणि १९९१ साली त्याने एक पुस्तक लिहिले. त्यात मुले बोलतात, आणि प्रत्येक मुलामागे त्याच्या शाळेला किती डॉलर मिळतात तेही येते. ते आकडे वाचताना माझे डोळे चितळे मास्तरांच्या वहाणेइतकेच भरून आले, आणि शिवाय राग आला. वहाणेने राग कधी आणला नव्हता. मराठीत असे पुस्तक माझ्या वाचनात नाही. कोणा तरुण शिक्षकाने ते लिहावे. माझ्या पुतणीला मी तसे सुचवलेही. ती म्हणाली, आधी चाळीस टक्क्यांचा टप्पा येऊ द्या, काका.

त्या ठाकरवाडीत मी अर्थात आमच्या गावचीच गोष्ट सांगितली. पखाल वाहणारा रेडा, त्याला हिणवणारे पंडित, ज्ञानोबांचा हात, आणि मग वेद. मुले तोंड उघडी टाकून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर मी नेहमीप्रमाणे विचारले, कोणाला काही विचारायचे आहे का? बराच वेळ कोणी बोलेना. मग मागे बसलेला एक मुलगा उठला. तो शाळेत उशिरा आला होता. सकाळी विहिरीवरून दोन खेपा करून आला, असे गुरुजींनी मला हळूच सांगितले होते.

“गुर्जी,” तो मला म्हणाला, “रेडा तिकडं बोलत व्हता, तर मंग पानी कुनी आनलं?”

मुले हसली. धाकट्या गुरुजींनी त्याला खाली बसायला सांगितले, पण मोठ्यांनी हाताने थांबवले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, विचारून सांगतो. तेवढ्यात खाली जाणारी जीप आली, आणि ती चुकली तर दुसरी नव्हती.